पेटवण्याआधी

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी, किंवा मुंबईत दारुखान्याच्या गल्ल्यांत कुठल्याही दिवशी गेलात, तर गॅस कटर आणि वेल्डिंग टॉर्च हमखास दिसतात. कुठले बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातले, कुठले प्लाझ्मा कटिंग आल्यावर कोपऱ्यात पडून राहिलेले, तर कुठले जहाजं तोडून तोडून दमलेले. जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तोडायला घेतली ती याच दारुखान्यात, तेव्हा तिथल्या कटरांनी काय काय कापलं असेल याचा अंदाज करता येतो. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ठाऊक असते. तो टॉर्च आपल्या बाटल्याला जोडतो, लायटर मारतो, निळी ज्योत दाखवतो आणि म्हणतो, “बघा, पेटतो ना?” सौदा तिथेच होतो.

ही पुस्तिका म्हणजे त्या ‘पेटतो ना’ला दिलेलं सविस्तर उत्तर आहे. गळका टॉर्च पेटतो. ऑक्सिजनच्या वाटेत ग्रीस माखलेला टॉर्चही पेटतो, निदान काही वेळा तरी. आतल्या नळीला तडा गेलेला, नोझलची बैठक खरचटलेली, व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होणारा, हे सगळे पेटतात. ज्योत एवढंच सांगते की दोन्ही वायू नोझलपर्यंत पोचले. ते आणखी कुठे कुठे पोचले, याबद्दल ती गप्प असते. म्हणून इथे ज्योतीची चाचणी सर्वांत शेवटी आहे. तिच्याआधीची प्रकरणं कोरडी वाटतील, पण ती गाळून थेट शेवटाकडे उडी मारायची असेल तर पुस्तिका विकत घेऊ नका, असं स्पष्टच सांगतो.

हे कुणासाठी लिहिलं आहे? ज्याला महिन्यातून चारदा प्लेट कापायची असते अशा छोट्या फॅब्रिकेशनवाल्यासाठी, गॅरेजमधल्या गंजलेल्या नट-बोल्टांशी झुंजणाऱ्या मेस्त्रीसाठी, फ्रिज-एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्यासाठी, धातूत काम करणाऱ्या शिल्पकारासाठी. हुपरीसारख्या चांदीच्या गावात किंवा तांबटांच्या आळीत लहान ज्योतीवर नाजूक जोड देणारे कारागीर आहेत, त्यांच्यासाठीही यात बरंच काही आहे. मोठ्या कारखान्यांना याची गरज नाही. तिथे सेफ्टी ऑफिसर असतो आणि जुना टॉर्च मुळात गेटच्या आत येत नाही. ते योग्यच आहे.

मग जुना घ्यायचाच कशाला? साधं कारण म्हणजे चांगल्या जुन्या टॉर्चची बॉडी घडीव पितळेची असते आणि हातात घेताच वजन कळतं. आज मिळणाऱ्या अगदी स्वस्त टॉर्चमध्ये ओतीव बॉडी, पातळ नळ्या आणि दोन महिन्यांत ढिले होणारे नॉब असतात. १९३५ साली कलकत्त्यात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी निघाली, पुढे ती नुसतं ‘इंडियन ऑक्सिजन’ म्हणून वर्कशॉपवर्कशॉपमध्ये ओळखली गेली. त्या पिढीतली अवजारं पन्नास वर्षं टिकावीत अशा बेताने घडवलेली असत. पितळ सहजी झिजत नाही, झिजतात ते आतले लहान भाग, आणि ते बहुतेक बदलता येतात. मात्र हिशेब नीट मांडा. जुन्या टॉर्चच्या किमतीत नव्या नळ्या, नवे फ्लॅशबॅक अरेस्टर (आग नळीत मागे जाऊ न देणारे), नवं नोझल, पॅकिंग आणि ओ-रिंग यांचे पैसे मिळवा. एवढं धरूनही नव्या चांगल्या टॉर्चपेक्षा स्वस्त पडत असेल तर घ्या. पुष्कळदा पडत नाही.

ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत तशी अलीकडची. सोनाराची फुंकणी हजारो वर्षांची आहे, पण लोखंड वितळवून जोडणारी ज्योत जेमतेम सव्वाशे वर्षांची. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत भलतंच काही करू पाहत होता आणि हाती लागलं कॅल्शियम कार्बाईड. त्यावर पाणी टाकलं की ॲसिटिलीन निघतो. १८९५ मध्ये फ्रान्सच्या ल शातलिये यांनी हा वायू ऑक्सिजनबरोबर जाळला तर ज्योत ३००० अंशांच्या वर जाते हे दाखवलं, आणि विसावं शतक उजाडता उजाडता फूशे आणि पिकार यांनी हातात धरता येईल असा टॉर्च तयार केला. त्याच सुमारास लिंडे यांनी हवा थंड करून तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढायची रीत बसवली आणि हा वायू स्वस्तात मिळू लागला.

एवढा इतिहास सांगायचं कारण हौस नाही. तुमच्या हातातल्या टॉर्चच्या पोटात तो अजून बसलेला आहे. कार्बाईड म्हटलं की आज आपल्याला आंबे पिकवण्याचा बंदी घातलेला उद्योग आठवतो, पण एके काळी तालुक्याच्या गावी गॅस वेल्डिंगवाल्याचं दुकान शोधायला पाटी लागत नसे. दारातला पांढऱ्या चुन्याच्या गाळाचा ढीग आणि तो उग्र, लसणासारखा वास पुरे असे. त्या कार्बाईडच्या टाकीतून येणारा गॅस अगदी कमी दाबाचा. तो आपल्या जोरावर नोझलपर्यंत जाईना. म्हणून टॉर्चमध्ये इंजेक्टर बसवला: मधल्या बारीक छिद्रातून ऑक्सिजन जोरात सुटतो आणि जाता जाता बाजूचा गॅस ओढून घेतो. दुसऱ्या जातीच्या टॉर्चमध्ये दोन्ही वायू आपापल्या दाबाने येऊन मिक्सरमध्ये भेटतात. सिलिंडरमधला ॲसिटिलीन आला तेव्हा हा समदाबी प्रकार रुळला. बाजारातल्या ढिगात दोन्ही जाती एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि बाहेरून कित्येकदा ओळखू येत नाहीत.

इंजेक्टर टॉर्चची एक जुनी चाचणी आहे. ती करायला गेज लागत नाही, अंगठा लागतो. टॉर्च आतून तेल-ग्रीसमुक्त झाला आहे याची खात्री पटल्यावरच ती करायची. इंधनाची नळी टॉर्चवरून सोडवायची, ऑक्सिजनची जोडलेली ठेवायची. रेग्युलेटरवर कामापुरता दाब, टॉर्चचे दोन्ही नॉब उघडे, आणि जिथे इंधनाची नळी बसते त्या तोंडावर स्वच्छ, कोरडा अंगठा. अंगठा आत ओढला गेला पाहिजे. ओढ स्पष्ट, एकसारखी हवी. ती लागतच नसेल किंवा थांबून थांबून लागत असेल, तर इंजेक्टर चोंदला आहे, ढिला आहे किंवा कुणीतरी दुसऱ्याच टॉर्चचा त्यात कोंबला आहे. आणि अंगठ्यावर उलट फुंकर येत असेल, तर ऑक्सिजन इंधनाच्या वाटेने मागे येतो आहे. असा टॉर्च नळी जोडून पेटवला की ऑक्सिजन इंधनाच्या नळीत शिरतो, आत पेटायला तयार मिश्रण जमतं, आणि मग एखादा ‘फट्’ आवाज पुरतो.

पण सावध. हीच चाचणी समदाबी टॉर्चवर केली तर तिथे ओढ लागणारच नाही, कारण ती लागण्यासाठी तो बनवलेलाच नाही. म्हणजे आधी जात ओळखायची, मग परीक्षा घ्यायची. दुसऱ्या प्रकरणाचा मोठा भाग या ओळखण्यात गेला आहे. मिक्सर बाहेर काढून उजेडात धरला, तर इंजेक्टरवाल्यात मधोमध एकच बारीक छिद्र दिसतं आणि त्याच्याभोवती गॅस यायची वाट. वरच्या मार्किंगवर भिस्त ठेवू नये. जुन्या टॉर्चमध्ये बॉडी एका कंपनीची, नळ्या दुसरीच्या आणि डोकं तिसरीचं असं कडबोळं फार सापडतं.

आता तेलाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या पुस्तिकेतलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण ते आहे. भंगारवाल्याचा स्वभाव असा की कडक झालेला नॉब दिसला की तो त्यात तेल सोडतो. त्याचा हेतू वाईट नसतो. सायकल, शिवणयंत्र, कुलूप सगळ्याला तो हेच औषध देतो. पण ऑक्सिजनच्या वाटेत तेल किंवा ग्रीस म्हणजे सरपण. आपल्याकडे ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर साधारण दीडशे किलो दाबाचा असतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढच्या बंद जागेतला वायू एका क्षणात दाबला जाऊन इतका तापतो, की तेलाचा पातळ थरही ठिणगीवाचून पेट घेऊ शकतो. आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये एकदा आग लागली की रबर, नायलॉन तर सोडाच, धातूसुद्धा जळतो. म्हणून बाजारातून आलेला टॉर्च ‘तेल लागलेला आहे’ असंच गृहीत धरायचं, मग तो कितीही कोरडा दिसो. नॉब लोण्यासारखा फिरत असेल तर जास्तच संशय घ्या.

साफ करायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल वापरू नका. ते स्वतःच मागे थर ठेवतात. पूर्ण सुटा केल्यावर गरम पाण्यात साधं, तेलकट नसलेलं डिटर्जंट, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाण्याने भरपूर खळबळणं, आणि वाळवणं. या वाळवण्यात बऱ्याच जणांचं चुकतं. हात आपसूक वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेकडे जातो, पण त्या हवेबरोबर कॉम्प्रेसरच्या तेलाचा फवारा येतो, म्हणजे धुतलेल्या नळीत आपणच पुन्हा तेल भरतो. नायट्रोजन असेल तर उत्तम, एसीवाल्यांकडे तो असतोच. नसेल तर गरम, स्वच्छ जागी वाळू द्या. ओ-रिंग बसवताना वंगण लागलंच तर ऑक्सिजनसाठी म्हणून विकलं जाणारंच घ्या. ते महाग असतं आणि फारच थोडं लागतं.

एक व्हॉल्व्ह उघडून बघू. कटरच्या ऑक्सिजनच्या नॉबखाली ग्लँड नट असतो. त्याला नीट बसणारा पाना लावायचा, पक्कड नाही. पक्कडीने कोपरे गोल झालेला नट दिसला की समजा, आपल्याआधी कुणीतरी घाईत इथे येऊन गेला आहे. नट सुटला की स्पिंडल बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला सुईसारखा निमुळता भाग दिसतो. भिंग घेऊन खिडकीपाशी जा. निमुळत्या भागावर भोवताली एक बारीक, चकचकीत, अखंड कडं दिसलं तर ती बैठकीची नैसर्गिक खूण आहे, चांगली आहे. कडं खोल रुतलं असेल, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल, किंवा त्यावर आडवी चीर असेल, तर हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसणार, आणि तो बंद करण्यासाठी कुणीतरी तो पिळून पिळून आवळत आलेला असणार. नवा स्पिंडल मिळाला तर बदला. बैठकच खराब असेल तर तो टॉर्च ठेवून द्या. लेथवर बैठक पुन्हा कापून देतो म्हणणारे हुशार लोक भेटतात. त्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही, पण घरगुती लेथवर काढलेली बैठक किती गळते हे मोजणारं कुणी नसतं.

स्पिंडलभोवतीचं पॅकिंगही बघा. फार जुन्या टॉर्चमध्ये तिथे राखाडी, दोरीसारखं काही सापडेल. ते ॲसबेस्टॉसचं असू शकतं. कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका. पाण्याने भिजवून चिमट्याने काढा, पिशवीत बांधा, आणि त्या जागी टेफ्लॉनचं पॅकिंग घाला.

नोझलबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. छिद्र चोंदलं की तारेचा तुकडा, सुई, कधी ड्रिलचं बारीक बिटसुद्धा घातलं जातं. त्याने छिद्र साफ होतं, पण मोठं आणि अंडाकृती होतं. मग ज्योत एका कुशीवर झुकते, कापाची कड वाकडी येते आणि कारागिराला वाटतं आपला हातच बिघडला. योग्य मापाच्या टिप क्लीनरनेच साफ करा, आत-बाहेर सरळ, न फिरवता. आणि टोकापेक्षा जास्त काळजी नोझलच्या मागच्या निमुळत्या बैठकीची घ्या, जिथे ते डोक्यात बसतं. ऑक्सिजन आणि इंधन यांच्या वाटा तिथे एकमेकींपासून वेगळ्या राखल्या जातात ते केवळ धातूवर धातू नीट टेकतो म्हणून. नखाला लागेल इतकाही ओरखडा असेल तर वायू तिथे एकमेकांत मिसळतात आणि टॉर्च वारंवार ‘फट्’ करत विझतो. पॉलिश पेपरने घासून ती बैठक सुधारत नाही, बिघडते. नवं नोझल काही फार महाग नसतं.

इंधनाचाही विचार आधी करावा लागतो. महाराष्ट्रातल्या अनेक लहान वर्कशॉपांत कापण्यासाठी आता ॲसिटिलीनऐवजी एलपीजी वापरतात, कारण तो स्वस्त आणि सहज मिळणारा. जुना टॉर्च मात्र ॲसिटिलीनसाठी घडवलेला असू शकतो. वायू नोझलमध्येच मिसळणाऱ्या कटरमध्ये बहुधा नोझल बदललं की भागतं. एलपीजीचं नोझल दोन भागांचं असतं, आतल्या भागाला उभ्या खाचा असतात आणि त्याचं टोक किंचित आत ओढलेलं असतं, म्हणजे सावकाश जळणारी ज्योत तोंडाला धरून राहते. इंजेक्टरवाल्या कटरमध्ये मात्र इंजेक्टरही त्या इंधनाचाच हवा. शिवाय एलपीजीला ॲसिटिलीनच्या मानाने कितीतरी जास्त ऑक्सिजन लागतो. नीट ज्योतीसाठी एका भागाला जवळजवळ चार भाग, तेव्हा इंधनात वाचलेले पैसे थोडेफार ऑक्सिजनमध्ये जातातच. आणि या ज्योतीने लोखंड कापता येतं, तापवता येतं, ब्रेझिंग करता येतं, पण ॲसिटिलीनसारखं वितळवून वेल्डिंग करायला ती चालत नाही. टॉर्च विकत घेण्याआधी आपल्याला नेमकं काय करायचं आहे हे ठरवलेलं बरं.

ॲसिटिलीनच वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गेजवर १५ पीएसआय, म्हणजे साधारण एक किलो, याच्या वर त्याचा दाब न्यायचा नाही. त्यापुढे हा वायू हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही स्वतःच फुटू शकतो. सिलिंडरमध्ये तो त्याहून कितीतरी जास्त दाबाने राहतो, कारण तिथे तो सच्छिद्र भरावात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. ही युक्ती १८९७ची, क्लोद आणि हेस यांची. दुसरी गोष्ट तांब्याची. ७० टक्क्यांहून जास्त तांबं असलेल्या धातूशी हा वायू फार वेळ राहिला तर स्फोटक क्षार तयार होतात. म्हणून नळी जोडायला तांब्याचा तुकडा घालू नये, पितळेचा सांधा घ्यावा. नोझल तांब्याचं असतं ते चालतं, कारण तिथे वायू थांबत नाही.

गळती शोधण्याचं प्रकरण लांबलं आहे, आणि ते मुद्दाम लांबू दिलं आहे. क्रम असा. आधी नायट्रोजन, मग खरे वायू. म्हणजे चूक निघाली तरी जळायला काही नसतं. टॉर्चचे नॉब बंद ठेवून एका बाजूला कामाचा दाब द्यायचा आणि डोकं स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवायचं. नोझलमधून बुडबुडे आले तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह गळतो. मग ग्लँड नट, सांधे, नळ्यांचे ब्रेझिंगचे जोड यांवर साबणाचं पाणी, तेही तेलकट साबणाचं नाही. मग महत्त्वाचं पाऊल, जे बहुतेक जण करत नाहीत: दाब ऑक्सिजनच्या बाजूला आणि पाण्यात इंधनाचं रिकामं तोंड, नॉब बंद. तिथे बुडबुडा आला तर आतल्या आत दोन वाटा एकमेकींना मिळाल्या आहेत. एक मिनिट थांबून पाहा. पहिल्या पाच सेकंदांत काही दिसलं नाही म्हणून उठू नका, बारीक गळती बुडबुडा जमवायला वेळ घेते. काडी पेटवून गळती शोधणाऱ्यांसाठी या पुस्तिकेत काही नाही.

रेग्युलेटर आणि नळ्यांवर फार शब्द खर्च केलेले नाहीत. जुन्या नळ्या घेऊ नका, एवढंच. वाकवल्यावर बारीक भेगा दिसोत न दिसोत, आतून त्या कशा आहेत ते कळत नाही. नव्या नळ्यांत ऑक्सिजनची निळी, ॲसिटिलीनची लाल, आणि टोकांना पिळलेली तार नव्हे, तर क्रिम्प केलेली क्लिप. जुना रेग्युलेटर घेतलाच तर दाबाविना त्याचे काटे शून्यावर हवेत, आणि दाबाचा स्क्रू पूर्ण ढिला ठेवून सिलिंडर हळूच उघडल्यावर कामाच्या गेजचा काटा हलता कामा नये. तो सावकाश चढत गेला तर आतली बैठक गेली. अशा रेग्युलेटरला हात घालायचं काम आपलं नव्हे. फ्लॅशबॅक अरेस्टर मात्र नेहमी नवा. त्याच्या आतली जाळी एका भडक्यात निकामी झाली असू शकते, आणि बाहेरून तो नवाकोरा दिसतो.

सांध्यांचे आटे सगळ्यांना ठाऊक असतात, तरी सांगतो: ऑक्सिजनचे आटे सुलटे, इंधनाचे उलटे, आणि इंधनाच्या नटावर कोपऱ्यांना खाचा. ॲडॅप्टर घालून, आटे पाडून, टेप गुंडाळून ही तजवीज मोडणारे टॉर्च ढिगात सापडतात. ते ढिगातच राहू द्या. तसेच डोक्याजवळ कुणी पूर्वी ब्रेझिंग करून बुजवलेले, नळ्या वाकवून सरळ केलेले, आणि मिक्सरच्या आत काजळी साठलेले. ही काजळी म्हणजे आग एकदा मागे जाऊन आत जळल्याची खूण. तिच्या तापाने आतले जोड किती सैल झाले हे सांगणारी चाचणी छोट्या वर्कशॉपात करता येत नाही.

ब्लो लॅम्प हाही जुन्या बाजारातला मोहाचा विषय. स्वीडनच्या नीबर्गने १८८०च्या दशकात तो रूढ केला आणि पितळेच्या त्या गोल टाकीला घासून चकाकी आणली की दिवाणखान्यात शोभतोही. शोभेसाठी जरूर आणा. पण आत दाब भरून पेट्रोल किंवा रॉकेल जाळणारी, डाग देऊन जोडलेली, अनेक दशकं जुनी टाकी हातात धरून काम करायला मी कुणाला सांगणार नाही. म्हणून त्याची दुरुस्ती या पुस्तिकेत नाही.

सिलिंडरही नाहीत. जुना सिलिंडर विकत घेऊन भरून आणायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. सिलिंडर, त्यांची ठरावीक मुदतीची तपासणी आणि त्यांच्या भरण्याचे नियम २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. ते राबवणाऱ्या पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशनचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर वर्कशॉपमध्ये लावायला कायद्याची परवानगी नाही, त्यासाठी १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर असतो. स्वयंपाकघरातला रेग्युलेटरही टॉर्चला पुरत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, तो जमिनीलगत सरकत मोरीत, खड्ड्यात, तळघरात जाऊन बसतो. तेव्हा गाळा तळमजल्याच्याही खाली असेल तर टॉर्च दुरुस्त करण्याआधी जागाच बदला.

राहिली ज्योत. पहिल्यांदा पेटवायची ती उघड्यावर, लांब बाह्यांचे सुती कपडे घालून, गडद चष्मा लावून, लायटरने, काडेपेटीने नाही. आधी इंधन थोडं उघडून पेटवा, काजळी धरणं थांबेपर्यंत वाढवा, मग ऑक्सिजन. ॲसिटिलीनच्या ज्योतीत आतला पांढरा सुळका आणि त्याच्यापुढचा पिसासारखा धूसर भाग दिसेल. ऑक्सिजन वाढवत तो धूसर भाग नेमका सुळक्यात मिटला की ज्योत सम झाली. आता हात न लावता दोन-तीन मिनिटं पाहा. सुळका लांबी बदलत असेल, नॉब न फिरवता ज्योत सरकत असेल, तर कुठेतरी काही हलतं आहे. आतून तीव्र शिट्टी आली, ज्योत नोझलमधून नाहीशी झाली, तर आधी ऑक्सिजन बंद, लगेच इंधन, मग सिलिंडर. थंड होईपर्यंत आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवणं नाही.

रोजचं काम संपल्यावर आधी कोणता नॉब बंद करायचा, यावर मात्र जाणत्यांत दोन तट आहेत. आपल्याकडचे पुष्कळ कारागीर आधी इंधन बंद करायला शिकलेले असतात. ज्योत लगेच विझते, काजळी उडत नाही, हात सरावलेला असतो. निर्मात्याचं पत्रक हाताशी असेल तर त्यातलीच रीत पाळावी, पण जुन्या टॉर्चबरोबर ते पत्रक जवळजवळ कधीच येत नाही. दुरुस्त केलेला टॉर्च पहिल्या काही वेळा विझवताना या पुस्तिकेने उलटी रीत धरली आहे: आधी ऑक्सिजन, मग इंधन. थोडी काजळी उडेल, उडू द्या. इंधनाचा नॉब पूर्ण बंद केल्यावरही नोझलच्या तोंडावर शेंगदाण्याएवढी पिवळी ज्योत राहिली, तर तो व्हॉल्व्ह अजून गळतो आहे आणि बादलीच्या चाचणीतून तो निसटला होता. सिलिंडर बंद करा, टॉर्चला चिठ्ठी बांधा आणि चौथ्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात करा.